शेवट तेवढा बरा

बोलण्याआधी चष्मा पुसणारा माणूस चांगलं बोलत नाही, हे सुनंदाबाईला अनुभवानं ठाऊक होतं. अत्तरदे सरांनी चष्मा काढला, रुमालानं दोन्ही काचा सावकाश पुसल्या, उजेडात धरून पाहिल्या, तेव्हाच तिनं मनाची तयारी केली. पण तयारी करून काय होतं? मार बसायचा तो बसतोच.

जळगावातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या रविवारी कथावाचन व्हायचं. वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी चहाला आलेली. एकानं कथा वाचायची आणि कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या अत्तरदे सरांनी तिच्यावर बोलायचं, असा रिवाज. यंदा, एकोणनव्वद साली, जिल्ह्यातल्या लेखकांचा पहिला कथासंग्रह निघणार होता आणि सर ज्या कथेला बरी म्हणतील तीच त्यात जाणार होती. नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या, बारा वर्षं लिहून एक ओळ छापून न आलेल्या सुनंदाबाईला त्यात जागा हवी होती. हवी होती म्हणजे काय, तिचा जीव टांगणीला लागला होता.

कथा आखाजीची होती. आखाजी म्हणजे खानदेशातल्या लेकीबाळींचा हक्काचा सण. सासरहून माहेरी यायचं, झोके घ्यायचे, आणि गौर बोळवायला नदीवर गेलं की पल्याडच्या गावच्या बायकांना काठावरून मनसोक्त शिव्या द्यायच्या. पल्याडच्याही देतात. त्या दिवशीच्या शिव्यांचा राग कुणी धरायचा नाही, असा नेम. तिच्या कथेतली बाई विधवा होऊन माहेरी परतलेली. तिच्याशी पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, एक भला बिजवर तयार होतो. पण घरात फुकट राबणारे दोन हात जातील म्हणून तिचा सख्खा भाऊ त्याला चोरून सांगतो, हिच्या अंगावर कोड आहे. बिजवर पुन्हा फिरकत नाही. बाईला हे वर्षभरानं कळतं. मग आखाजीला, पल्याडच्या गावाला शिव्या देता देता, ती भावाचं हे पाप साऱ्या गावादेखत ओरडून सांगते. नाव घेत नाही, पण समजायचं त्याला समजतं. ती घरी येते तेव्हा भाऊ ओट्यावर मान खाली घालून बसलेला असतो. तो उठतो, तिला पाण्याचा तांब्या देतो, आणि त्याचे डोळे भरून आलेले असतात. तिथं कथा संपते.

"बाईंचा प्रयत्न प्रामाणिक आहे," अत्तरदे सर म्हणाले. प्रयत्न म्हटलं की समजावं, संपलं. "पण मला सांगा, आपल्या मातीतली स्त्री असं बोलते का? चारचौघांत, बापाच्या वयाच्या माणसांसमोर, असल्या शिव्या? ही शहरात राहून गावाविषयी केलेली भडक कल्पना आहे. शिव्या घातल्या म्हणजे वास्तव येत नसतं. शेवट तेवढा बरा आहे. भावाचं मन पालटतं, तिथं कथा उंच जाते. बाकी सगळं पुन्हा लिहावं लागेल."

"सर, आपण कधी आखाजीला नदीवर गेला आहात?" सुनंदाबाईनं विचारलं. आवाज तिच्या मनापेक्षा जास्त चढला.

सर हसले. लहान मुलानं फळ्यावर उलटा आकडा काढला की ती स्वतः हसायची, तसे. "बाई, अनुभव वेगळा आणि कला वेगळी," ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चहा आणि चिवडा आला. एका गृहस्थानं जवळ येऊन विचारलं, "पहिलीच कथा का तुमची?" तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे चिवड्याची बशी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात गेले.

घरी पोचेपर्यंत तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पिशवी तिनं पलंगावर आपटली. नवरा झुलालराव वीज मंडळात कारकून, स्वभावानं माठातल्या पाण्यासारखा थंड. त्यांनी पेपर खाली घेतला.

"म्हणे बायका असं बोलत नाहीत! यांच्या घरच्या बायकांनी यांच्यापुढे कधी तोंड उघडलं असेल तर ना! उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणे कला वेगळी!"

"सोड ना," झुलालराव म्हणाले. "तो काय ब्रह्मदेव आहे?"

नाकारलेल्या कथांच्या बाबतीत सुनंदाबाईची एक पद्धत होती. पुण्या-मुंबईच्या मासिकाकडून पाकीट परत आलं की आतली 'साभार परत'ची छापील चिठ्ठी दुसऱ्या दिवशी सकाळी बंबात जायची. कथा ठेवायची, चिठ्ठी जाळायची. टॉवेल खांद्यावर टाकून झुलालराव विचारायचे, "आज पुण्याचं पाणी की मुंबईचं?" बारा वर्षांत तिनं एक चिठ्ठी दोनदा वाचली नाही. का नाकारली असेल, असं स्वतःला विचारलं नाही. संपादक गाढव आहेत, एवढं उत्तर तिला पुरत होतं, आणि ते पुष्कळदा खरंही असायचं. पण तोंडानं बोललेलं बंबात कसं घालणार? अत्तरदे सरांचं वाक्य तिच्या कानात तीन दिवस घोंगावत राहिलं. ती पोरांवर खेकसली, भाजीत मीठ दोनदा घातलं, वर्गात एका मुलाला विनाकारण उभं केलं आणि मग स्वतःवरच चिडली.

आणि सगळ्यात मोठी चीड याची, की कथा खरी होती. त्यातली बाई तिची फुई होती. फुई म्हणजे आत्या, ताईबाई. आणि कोडाचं खोटं सांगणारा भाऊ म्हणजे सुनंदाबाईचे वडील, वनाआबा. सत्तावीस वर्षांपूर्वी पांझरा नदीच्या काठावर फुई ओरडली तेव्हा बारा वर्षांची सुनंदा तिच्या लुगड्याला धरून उभी होती. शब्द न् शब्द तिनं कानांनी ऐकला होता. आणि हा चष्मेवाला म्हणतो भडक कल्पना!

चौथ्या दिवशी तिला मार्ग सुचला. आखाजी आठवड्यावर आली होती. "मी फुईला घेऊन येते," तिनं झुलालरावांना सांगितलं. "पुढच्या महिन्यात हॉलमध्ये उभी करते. म्हणते, सर, ही माझी भडक कल्पना. विचारा हिला काय विचारायचं ते."

"ती येईल?"

"का नाही येणार? तिचीच तर बाजू मांडलीय मी."

धुळ्याच्या एस.टी.त बसताना पिशवीत आंब्यांच्या वर तिनं कथेचं बाड ठेवलं. ती आधीच्या वर्षांच्या कोऱ्या राहिलेल्या उत्तरपत्रिकांवर लिहायची. वरच्या पानावर 'विद्यार्थ्याचे नाव' असं छापलेलं होतं, तिथं तिनं स्वतःचं नाव लिहिलेलं. धुळ्याला गाडी बदलून ती नवलखेड्याला उतरली. आता तिला कुणी बाई म्हणणार नव्हतं. माहेरी ती नुसती सुनंदा होती.

वनाआबा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आई यशोदाबाई, धाकटा भाऊ सुकदेव आणि त्याची बायको बेबाबाई. आखाजीच्या दिवशी पितरांची घागर भरून झाली, सुकदेवनं आबांच्या नावानं पाणी सोडलं, आमरस-मांड्यांचं जेवण झालं आणि दुपार कलल्यावर बायका गौर घेऊन नदीवर निघाल्या. पांझरेत पाण्याची एक बारीक धार होती, बाकी सगळी रेती. पल्याडच्या सांगव्याच्या बायका आधीच येऊन ठाकल्या होत्या.

"नवलखेडान्या पोरीस्वन, तुमनी माय रांधस आन् कुत्रं बी खात नही!" पल्याडून पहिली तोफ आली.

"तुमना बाप मिशीले तूप लावस आन् घरमा तेलना टिपूस नही!" इकडून गेली.

मग एकच गिल्ला झाला. सहा-सहा वर्षं सासरी दातावर दात धरून राहिलेल्या पोरी कमरेवर हात देऊन ओरडत होत्या. त्यातलं बरंचसं इथं लिहिता येणार नाही. सुनंदाच्या घशाशी आठवडाभर तुंबलेलं होतंच. ती रेतीत पुढे झाली आणि पोटातून ओरडली, "जळगावना अत्तरदे मास्तर! पुस्तकमा तोंड खुपसीसन बठना, बाई कशी बोलस ते त्याले मालूम नही! त्याना चष्माले गोचिड लागोत!"

मग इकडच्या चाळीस बायकांनी सूर धरला, "त्याना चष्माले गोचिड लागोत!"

"कोन व्हय वं हाऊ अत्तरदे?" पल्याडची एक ओरडली. "आमना गावमा असा कोनी नही!"

"कोना का ऱ्हायेना, लागू द्या!" बेबाबाई ओरडली, आणि दोन्ही काठ हसत सुटले. सुनंदाचं अंग हलकं झालं. वाटलं, हे सगळं उचलून हॉलमध्ये नेऊन ओतावं. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या चिवड्यावर ओतावं.

नदीवर फुई नव्हती. त्या दिवसानंतर ताईबाई नदीवर कधी गेलीच नव्हती. वनाआबांच्या घरातही राहिली नव्हती. गावाच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत राहायची, दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची, दोन शेळ्या पाळायची. सुनंदा दर आखाजीला तिच्याकडे जायची, आंबे द्यायची, चहा प्यायची. त्या दिवसाबद्दल दोघी कधी बोलल्या नव्हत्या. आज बोलायचं होतं. सुनंदा बाड घेऊन तशीच, पायाला रेती लागलेली, तिच्या दारात गेली.

"फुई, मी तुन्यावर लिखं शे," ती म्हणाली. "आयक."

ताईबाई साठीला आलेली, वाळलेली, ताठ बाई. सुपात मूग घेऊन निवडत बसली होती. तिनं नुसती मान हलवली. सुनंदा वाचू लागली. बिजवर आला, गेला, कोड आलं, तरी फुईची बोटं मुगातून फिरत होती. नदी आली तशी बोटं थांबली. सुनंदा शिव्या वाचत होती, एकेक, जशा ऐकल्या होत्या तशा, आणि फुईचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. सुनंदाला वाटलं, हेच. पुण्याचे सगळे संपादक एका पारड्यात आणि हे हलणारे ओठ एका पारड्यात. तिनं शेवट वाचला, ओट्यावरचा भाऊ, पाण्याचा तांब्या, भरलेले डोळे, आणि मान वर केली.

ताईबाईनं सूप खाली ठेवलं.

"हाऊ कोन व्हय?"

"कोन?"

"पानी देनारा."

"भाऊ व्हय ना, कथामधला."

"तुना बाप माले पानी लई उना व्हता?"

आबांनी पाणी आणलं नव्हतं, हे सुनंदालाही ठाऊक होतं. "फुई, कथा शे. थोडं बदलनं पडस."

"मना पाट मोडना, ते बदललं नही," फुई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मना आंगवरनं कोड बदललं नही. मन्या शिव्या बठ्ठ्या जशान्या तश्या लिख्या. आन् बदलना तो फकत तुना बाप?"

"शेवट बरा वाटाले पाह्यजे, फुई. लोक वाचतस."

"कडी कोनी लाई, ते कोठे शे त्यामा?"

सुनंदाच्या हातातली पानं तिला एकदम जड झाली. तिला ते आठवत नव्हतं असं नाही. रोज आठवावं असं काही नव्हतं, इतकंच. त्या दिवशी दिवेलागणीला फुई नदीवरून आली तेव्हा आबा ओट्यावर बैलाचा कासरा घेऊन उभे होते. मान खाली घालून नाही. पहिला फटका सुनंदानं पाहिला, दुसऱ्याला ती आत पळाली. आई म्हणाली, "सुनंदा, कडी लाव." तिनं लावली. मग बाहेरून दार वाजू लागलं. "सुनंदा, उघड वं माय. सुनंदा." फुईनं आईला हाक मारली नाही, देवाला मारली नाही. तिलाच मारली, कारण घरात फुईचा जीव तिच्यावरच होता. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि नंतर तिथंच झोपली. सकाळी फुई ओट्यावर नव्हती.

"मी बारा सालनी व्हती, फुई," ती कशीबशी म्हणाली.

"व्हतीस ना. म्हनीसन तर सत्तावीस साल मी तुले एक शबद बोलनी नही. दर आखाजीले तुना हातना आंबा खादा." आता मात्र ताईबाईचा आवाज फाटला. "तवय तू पोर व्हतीस. पन आते? आते कोनी धरा व्हता तुना हात?"

आणि सुनंदाला राग आला. खोटं कशाला सांगा, लाज नंतर आली, आधी राग आला. रात्र रात्र जागून लिहिलं, पोरांची आजारपणं काढून लिहिलं, जगानं लाथाडलं तरी हिचीच बाजू घेऊन लिहिलं, आणि ही शेळ्या राखणारी बाई मला शिकवते! ती ताडकन उठली. "तुले काय समजस कथामधलं?" ती ओरडली. "अनुभव वेगळा आणि कला वेगळी!"

हे शेवटचं वाक्य ती शुद्ध मराठीत बोलली. तोंडातून निघाल्यावर तिला ते ऐकू आलं. फुईला त्यातलं काय कळलं कोण जाणे, तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि मूग निवडू लागली.

फुईकडून ती सरळ घरी निघाली. अत्तरदे सरांनी साऱ्या कथेत एकच गोष्ट मान्य केली होती, आणि नेमकी तीच खोटी होती. शिव्या खऱ्या, त्या त्यांना खोट्या वाटल्या. तांब्या खोटा, तो त्यांना उंच वाटला. पण त्यांना तरी काय म्हणायचं? त्यांना ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं. तिनं तो तांब्या त्यांच्यासाठीच भरला होता, सरांसाठी आणि सरांसारख्यांसाठी, त्यांनी बरी म्हणावी म्हणून. बारा वर्षं चिठ्ठ्या जाळल्या आणि आतून त्यांनाच सलाम ठोकत राहिली. त्या सगळ्या कथांमधून किती जणांना तिनं असं पाणी पाजलं होतं कुणास ठाऊक.

चुलीपाशी आई एकटीच होती. "फुईकडे वाचाले गयी व्हतीस म्हने," यशोदाबाई म्हणाली. गावात बातमी पायांआधी पोचते.

"माय, त्या दिन कडी लावाले कोनी सांगं व्हतं?"

यशोदाबाईनं फुंकणी खाली ठेवली. तिच्या तोंडावर भीती दिसली नाही, संताप दिसला. "मी सांगं. मंग? मी पन त्याच कासराना मार खायेल शे. दार उघडं ऱ्हातं तर तो घरमा उना व्हता, मना आंगवर, तुना आंगवर. मी सांगं, तू लाई. आते सत्तावीस सालमा कोनले हिसोब दाखाडस? तुना बाप मरी गया. मरेल माणूसनं नाव खराब करानं नही."

मेलेल्या माणसावर चिडून काही उपयोग नसतो, तो काही उत्तर देत नाही. पण सुनंदा चिडली. घागर भरून ज्याला पाणी सोडलं त्या बापावर चिडली, समोरच्या आईवर चिडली, हिलाही कासरा बसला हे आजवर आपल्याला माहीत नव्हतं म्हणून चिडली. आणि सगळ्या रागाच्या तळाशी एक बारा वर्षांची पोर दाराला पाठ लावून उभी होती, तिच्यावर मात्र तिला चिडता येईना. चिडायचं होतं ते एकोणचाळीस वर्षांच्या बाईवर.

दुसऱ्या दिवशी आखाजीची कर होती. शेतातलं काम बंद. सकाळी उठून तिनं सुकदेवच्या पोराकडून पेन घेतलं आणि गोठ्याशेजारी बसून शेवटचं दीड पान खोडलं. तांब्या खोडला, डोळ्यांतलं पाणी खोडलं. कासरा लिहिला. कडी लिहिली. आई काय म्हणाली ते लिहिलं, बाहेरून कुणाचं नाव घेऊन हाक येत होती ते लिहिलं आणि त्या मुलीचं नाव सुनंदा ठेवलं. चांगलं होतंय की वाईट याचा विचार तिला पहिल्यांदाच सुचला नाही. हात दुखेपर्यंत लिहिलं आणि उन्हं चढल्यावर फुईकडे गेली.

"शेवट नवा लिखा शे. आयकशी?"

"कसाले?" ताईबाई शेळीला पाला टाकत होती. "जे झायं ते माले मालूम शे. माले काय वाची दखाडस? ज्यासले आयकाले पाह्यजे त्यासले वाच."

सुनंदानं बाड काखेत मारलं. मग वळली आणि घराकडे निघाली. मागून फुईच्या वहाणांचा आवाज येत होता. ती बरीच मागून, आपल्या चालीनं येत होती.

दुपारचं जेवण होऊन गल्लीतल्या बायका सावलीत बसल्या होत्या. आखाजीला आलेल्या लेकी होत्या, त्यांच्या आया होत्या, सुकदेव ओट्यावर खाटेवर लोळत होता. "मनी नवी गोट शे," असं सुनंदानंच सांगितलं, तशा बायका हौसेनं सरकून बसल्या. मास्तरीण वाचणार म्हणजे मजा. बिजवर आला तेव्हा त्या हसल्या. कोड आलं तेव्हा एकदोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नदी आली तेव्हा कुणी हसेना.

"अक्का," सुकदेव उठून बसला. "बस कर."

ती वाचत राहिली. वर्गात पोरं गोंधळ करतात तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज तिला सवयीचा होता. यशोदाबाई दारात येऊन उभी राहिली. कासरा आला, कडी आली, हाक आली. "सुनंदा, उघड वं माय." सुनंदानं स्वतःचं नाव मोठ्यानं वाचलं आणि पुढे लिहिलं होतं तेही वाचलं, की तिनं उघडलं नाही.

वाचून झालं. चहा नाही, चिवडा नाही, टाळ्या तर नाहीतच. सुकदेव आत गेला आणि तिची पिशवी घेऊन बाहेर आला. ती त्यानं पायरीखाली ठेवली, फेकली नाही.

"मना बापनी घागर काल भरी आन् आज तू त्याले गल्लीमा नागडा कया," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "छाप. जेठे छापनं तेठे छाप. पन तुनं माहेर आठे सरनं, अक्का. परत आखाजीले येऊ नको."

सुनंदानं आईकडे पाहिलं. यशोदाबाईनं तिच्या पायांकडे पाहिलं आणि ती आत गेली. बेबाबाई तिच्यामागून गेली. मग गल्लीतल्या बायका उठू लागल्या. कुणाला दूध तापवायचं आठवलं, कुणाचं पोर रडायला लागलं. काल नदीवर तिच्या सुरात सूर मिळवून ओरडणाऱ्या चाळीसजणींतल्या पंधरा-वीस तरी इथं होत्या. एकेक आपल्या दारात शिरली. सुनंदा पिशवीशेजारी उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. धुळ्याची गाडी पकडायला निघायला हवं हे कळत होतं, पण पाय उचलेनात. माहेर नाही म्हणजे काय, हे तिनं चार-पाच कथांत लिहिलं होतं, चांगली चांगली वाक्यं लिहिली होती. त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की घसा कोरडा पडला होता आणि कुणाच्या दारात पाणी मागावं हे कळत नव्हतं.

समोरच्या निंबाखाली दगडावर ताईबाई बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सुनंदा तिच्याकडे पाहत राहिली. ती उठली नाही. चांगलं झालं म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. सुनंदाला वाटलं, ओरडावं, आता तरी बोल! तुझ्यासाठी गेलं सगळं! पण ते खरं नव्हतं, तिच्यासाठी नव्हतं गेलं, म्हणून ती ओरडली नाही. उभी राहिली.

बऱ्याच वेळानं ताईबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. गल्ली ओलांडून जवळ आली.

"कितला वखत उभी शे?"

"आर्धा घंटा व्हयी," सुनंदा म्हणाली.

"मी रातभर व्हती," ताईबाई म्हणाली आणि खाली वाकून तिची पिशवी उचलली.